पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं तरी दुसरं का करतात, आणि डोक्याच्या मारासाठी अशी टेस्ट आहे का

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी त्या सुट्या करतो. एक म्हणजे वडिलांच्या (वय ६४) छातीत पहाटे दडपण आलं, कॅज्युअल्टीत कार्डिओग्राम बरा निघाला, पहिलं ट्रोपोनिन ९ आलं, तरी घरी सोडलं नाही, तीन तासांनी परत रक्त घेतलं ते ३१ आलं, मग ॲडमिट केलं आणि दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, आणि काका म्हणतायत की रिपोर्ट नॉर्मल असताना बिल फुगवायला हे सगळं केलं. दुसरं, त्याच महिन्यात आई स्कूटीवरून पडल्या, डोकं आपटलं, दोनदा उलटी झाली म्हणून सीटी काढला, आणि तुम्ही विचारताय की हार्टसाठी रक्ताची टेस्ट आहे तशी मेंदूसाठी असती तर सीटी वाचला असता का. मी बायोकेमिस्ट्रीत एमडी आहे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कॅज्युअल्टीची सॅम्पल्स बघण्यातच बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे लॅबच्या बाजूने सांगतो. औषधं आणि स्टेन्टचं तुमचे कार्डिओलॉजिस्ट सांगतील.

काकांना एवढं नक्की सांगा की वडिलांच्या केसमध्ये निदान झालं ते दुसऱ्या ट्रोपोनिनमुळेच. पहिल्या आकड्याचं काम फक्त दुसऱ्याला तुलनेसाठी काहीतरी देणं एवढंच होतं. ९ वरून ३१ म्हणजे तीन तासांत २२ ने वाढ, आणि ही वाढ नुसती एका रिपोर्टवरून कुणालाच दिसली नसती, कितीही मोठा डॉक्टर असला तरी.

आता हे असं का ते जरा नीट सांगतो कारण इथेच सगळं आहे. ट्रोपोनिन हे स्नायूच्या आत असणारं प्रोटीन, स्नायू आकसायचं काम ज्या तंतूंवर होतं त्यांच्यावर ते बसलेलं असतं. सी, आय आणि टी असे त्याचे तीन भाग. सी हार्टमधला आणि हातापायातल्या एका प्रकारच्या स्नायूंमधला सारखाच, त्यामुळे तो आपल्या कामाचा नाही, पण आय आणि टी यांचे हार्टमधले प्रकार वेगळे असतात आणि अँटीबॉडीला ते वेगळे ओळखता येतात. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात ट्रोपोनिन शोधलं तेव्हा त्यांना स्नायू कसा आकसतो एवढंच शोधायचं होतं, अटॅकच्या निदानाशी काही संबंध नव्हता. रक्तात ते मोजायची टेस्ट १९८० च्या दशकाच्या शेवटी आली, जर्मनीत हायडेलबर्गला ह्यूगो काटुस यांच्या ग्रुपने ट्रोपोनिन टी ची टेस्ट तयार केली, आणि २००० साली युरोप आणि अमेरिकेच्या कार्डिओलॉजी संस्थांनी मिळून हार्ट अटॅकची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने बांधली. त्याआधी १९५४ पासून एएसटी म्हणजे आपण आज लिव्हरसाठी करतो तीच एसजीओटी अटॅकसाठी करायचे, मग सीपीके (यालाच सीके म्हणतात, स्नायूतलं एन्झाइम), मग त्याचाच हार्टमध्ये जास्त असणारा प्रकार सीके-एमबी.

पेशीतलं बहुतेक ट्रोपोनिन तंतूंना घट्ट चिकटलेलं असतं आणि अगदी थोडं मोकळं तरंगत असतं. हार्टच्या पेशीला इजा झाली की आधी हे मोकळं रक्तात येतं, मग तंतू हळूहळू सुटत जातात आणि उरलेलं कित्येक दिवस झिरपत राहतं. म्हणून अटॅकनंतर ट्रोपोनिन काही तासांत चढतं आणि आठवडा-दहा दिवस, टी असेल तर कधी दोन आठवडेही वर राहतं. वडिलांना पहाटे दडपण आलं आणि तुम्ही तासाभरात पोचलात म्हणता, म्हणजे पहिलं रक्त घेतलं तेव्हा फारसं काही रक्तात उतरलेलंच नव्हतं. जितके लवकर तुम्ही हॉस्पिटलला पोचाल तितका पहिला रिपोर्ट फसवा असायची शक्यता जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं पण असंच आहे. आणि म्हणून कुठलाही ट्रोपोनिनचा रिपोर्ट हातात आला की आकड्याच्या आधी मी विचारतो ते हे, की दुखायला कधी लागलं आणि रक्त किती वाजता काढलं. हे दोन टाइम फॉर्मवर लिहिलेले नसतील तर त्या आकड्याचा अर्थ अर्धाच लागतो.

तुमच्या वडिलांचं हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी बारीक प्रमाणही मोजणारं, ट्रोपोनिन टी केलंय, त्याची वरची मर्यादा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर. ही १४ कुठून आली? निरोगी लोकांचं रक्त तपासलं आणि शंभरातले नव्याण्णव जण ज्या आकड्याच्या खाली येतात तो आकडा घेतला, ज्याला ९९ वा पर्सेंटाइल म्हणतात. म्हणजे १४ च्या आत आहे म्हणून हार्ट ठणठणीत असं नाही, आणि १५ आला म्हणून अटॅक असंही नाही. २०१८ च्या व्याख्येप्रमाणे हार्ट अटॅक म्हणायला निदान एक आकडा या मर्यादेच्या वर पाहिजे, आकडा चढताना किंवा उतरताना दिसला पाहिजे, आणि सोबत छातीतलं दुखणं, कार्डिओग्राममधला बदल, इकोमधला बदल असा रक्तपुरवठा कमी पडल्याचा काहीतरी पुरावा पाहिजे. नुसतं ट्रोपोनिन वाढलंय एवढ्यावर फक्त हार्टच्या स्नायूला इजा झालीय एवढंच म्हणता येतं, कशाने झाली ते नाही.

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीची जी पद्धत आहे त्यात एका तासाने दुसरं सॅम्पल घेतात, त्यात या किटला एका तासात ५ ने जरी वाढ दिसली तरी पेशंटला अटॅक समजून पुढचं सुरू करा असं आहे, आणि पहिलाच आकडा ५२ किंवा त्यापेक्षा वर असेल तर दुसऱ्याची वाट न बघता. उलट दुखणं सुरू होऊन तीन तास उलटून गेलेत आणि पहिलाच आकडा ५ च्या खाली आहे, कार्डिओग्राम पण स्वच्छ आहे, तर एकाच टेस्टवर अटॅक नाही म्हणता येतं. वडील या दोन्हीत बसत नव्हते, ९ हा मधला आकडा, म्हणून थांबवून ठेवणं बरोबरच होतं. त्या डॉक्टरांनी पाच मिनिटं काढून हे काकांना सांगायला हवं होतं हे मात्र मान्य, नातेवाइकांचा निम्मा राग न सांगितल्यामुळे असतो.

इथे एक गोष्ट तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. बऱ्याच ठिकाणी अजून ट्रॉप-टी कार्ड वापरतात, रक्ताचे थेंब टाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते का बघायची. ते कार्ड वाईट नाही, पण त्यावर रेघ दिसायला साधारण १०० नॅनोग्रॅम प्रति लिटरच्या आसपास ट्रोपोनिन लागतं. तुमच्या वडिलांचं ३१ वालं रक्त त्या कार्डावर टाकलं असतं तर निगेटिव्ह आलं असतं! म्हणून छातीत दुखतंय आणि कार्ड निगेटिव्ह आलं तर ते "अटॅक नाही" असं वाचू नका, ते फक्त "अजून मोठा आकडा नाही" एवढंच सांगतं, आणि काही तासांनी परत करायचं किंवा मोठ्या सेंटरला पाठवायचं हा निर्णय दुखणं आणि कार्डिओग्राम बघून घ्यायचा असतो. कार्डिओग्राममध्ये सरळ सरळ मोठा अटॅक दिसतोय, आलेखातला एसटी नावाचा भाग वर गेलाय, तर ट्रोपोनिनची वाट कुणीच बघायची नाही, ना डॉक्टरने ना नातेवाइकाने, कारण तिथे प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो आणि रिपोर्ट येऊन निर्णयात काहीच बदल होत नाही.

युनिटचा घोळ तुम्ही विचारलाय तोही सांगतो कारण त्यावरून फोन येतातच. एका लॅबचा रिपोर्ट ०.०१४ म्हणतो, दुसरीचा १४, आणि घरचे म्हणतात हजार पट वाढलं. पहिला नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, दुसरा नॅनोग्रॅम प्रति लिटर, आकडा तोच. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिलं असेल तर ते नॅनोग्रॅम प्रति लिटरइतकंच. आणि ट्रोपोनिन आय आणि ट्रोपोनिन टी यांची तुलना तर कधीच करू नका, एवढंच काय दोन कंपन्यांच्या ट्रोपोनिन आय ची पण नाही, प्रत्येकाच्या अँटीबॉडी वेगळ्या आणि मर्यादा वेगळ्या. ॲबट कंपनीच्या हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आय ला पुरुषांसाठी ३४ आणि बायकांसाठी १६ अशी वेगवेगळी मर्यादा आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे कारण बायकांचा आकडा पुरुषांच्या मापाने बघितला तर त्यांचा अटॅक नजरेतून सुटू शकतो, आधीच बायकांचं छातीतलं दुखणं "पित्त असेल", "दगदग झाली असेल" म्हणून घरातच दाबलं जातं. पहिलं सॅम्पल एका लॅबला आणि दुसरं दुसऱ्या लॅबला असं करून चढउतार बघता येत नाही.

सीके-एमबी अजून अनेक ठिकाणी पॅनेलमध्ये करतात. मला विचाराल तर ट्रोपोनिन चांगलं मिळत असेल तर त्याची फारशी गरज उरत नाही. सीके हे एम आणि बी अशा भागांच्या जोड्यांनी बनतं, एमएम, एमबी आणि बीबी. साध्या मशिनवर जी सीके-एमबी करतात त्यात एम भागाला अँटीबॉडीने बंद करतात, उरलेल्या बी भागाचं काम मोजतात आणि त्याला दोनने गुणतात, असं धरून की रक्तात सीके-बीबी नसतंच. पण काही लोकांच्या रक्तात सीके-बीबी असतं, किंवा अँटीबॉडीला चिकटलेलं मॅक्रो-सीके असतं, आणि मग एमबी चा आकडा एकूण सीके पेक्षाही मोठा येतो, जे होणं शक्यच नाही. लहान मुलांच्या रिपोर्टमध्ये हे बऱ्याचदा दिसतं आणि आईबाप घाबरून जातात. असा रिपोर्ट आला तर तो आकडा हार्टचा समजू नका, पद्धतीची अडचण आहे, ट्रोपोनिन करून घ्या. आणि छातीत दुखतंय म्हणून आधी कुठेतरी वेदना थांबवायचं इंजेक्शन कंबरेत घेतलं असेल तर त्यानेही एकूण सीके वाढतं, स्नायूत सुई गेली की पुरतं. ट्रोपोनिनवर त्याचा परिणाम होत नाही. पण असं इंजेक्शन घेऊच नये हे वेगळं, कारण पुढे रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध द्यायची वेळ आली तर तिथे रक्त साकळतं.

आता ट्रोपोनिन अटॅक सोडून कशाकशाने वाढतं. किडनीच्या पेशंटमध्ये ते कायम वर असू शकतं, डायलिसिसवाल्यांचं तर ६०, ६२, ६१ असं महिनोन्महिने चाललेलं असतं, आणि त्यांच्याकडे आकडा किती यापेक्षा हलतोय का हे बघायचं. फुफ्फुसात गुठळी, हार्ट फेल्युअर, खूप जलद ठोके, मायोकार्डायटिस म्हणजे हार्टच्या स्नायूची सूज, सेप्सिस म्हणजे अंगभर पसरलेलं इन्फेक्शन, डेंग्यूमध्ये हार्टला सूज, मोठी मॅरेथॉन पळून आल्यावर सुद्धा, तिथे एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं. स्नायूंचे जुनाट आजार असतील तर ट्रोपोनिन टी वाढलेलं दिसतं आणि आय नॉर्मल राहतं, अशा वेळी दुसरं करून बघायचं.

कोकणातला लाल विंचू चावला तरी ट्रोपोनिन वाढतं, आणि हे उदाहरण मी मुद्दाम घेतोय कारण हार्ट आणि मेंदूचा धागा इथूनच जुळतो. त्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, तो थेट हार्टच्या स्नायूला मारतो, छातीत पाणी भरतं, आणि रक्तवाहिनीत एकही ब्लॉकेज नसताना माणूस हार्ट फेल होऊन जायचा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे बीपीचं औषध वापरून हा लोंढा रोखता येतो हे दाखवलं आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. आता मेंदूत रक्तस्राव झाला, खास करून मेंदूवरच्या आवरणाखाली, सबॅरॅक्नॉइड म्हणतात तो, तरी अगदी हाच लोंढा सुटतो. कार्डिओग्राममध्ये टी वेव्ह नावाच्या लाटा खोल उलट्या दिसतात, ट्रोपोनिन वाढतं, इकोमध्ये हार्ट नीट आकसत नाही, आणि मूळ आजार डोक्यात असतो. पेशंट बेशुद्ध किंवा गोंधळलेला असेल, बोलून सांगू शकत नसेल, तर कार्डिओग्राम आणि ट्रोपोनिन बघून अटॅक समजून रक्त पातळ करायची औषधं सुरू होऊ शकतात, आणि मेंदूत रक्तस्राव असताना ती औषधं म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून अचानक डोकं फुटेल असं दुखलं, मान आखडली, शुद्ध हरपली असं काही घरच्यांनी बघितलं असेल तर ते कॅज्युअल्टीत ओरडून सांगा, "छातीत दुखत होतं का" याला नुसतं हो म्हणून गप्प बसू नका. स्ट्रोकच्या पेशंटमध्येही ट्रोपोनिन वाढलेलं बऱ्याचदा दिसतं, त्यात काहींना खरोखर सोबत अटॅक असतो, काहींना नसतो, आणि तिथेही दोन सॅम्पलमधला फरकच वाट दाखवतो.

एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हार्ट फेल्युअर ओळखायला करतात ती रक्ताची टेस्ट, तिच्यावर थोडक्यातच. याचा भाऊ बीएनपी जपानमध्ये १९८८ साली डुकराच्या मेंदूत सापडला पण माणसात तो मुख्यतः हार्टच्या खालच्या कप्प्यांतून येतो, भिंती ताणल्या गेल्या की. हा इजेपेक्षा ताणाचा मार्कर. दम लागलेला पेशंट कॅज्युअल्टीत आला आणि एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली आलं तर अचानक झालेलं हार्ट फेल्युअर बहुतेक नाही. असल्याचं म्हणायला वयाप्रमाणे आकडे वेगळे, ५० च्या खाली ४५०, ५० ते ७५ ला ९००, ७५ च्या वर १८००. जाड माणसांत कमी येतं, किडनीच्या आजारात आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हार्टचे ठोके अनियमित पडतात तेव्हा) जास्त. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन ही हार्ट फेल्युअरची गोळी चालू असेल तर बीएनपी न करता एनटी-प्रोबीएनपीच करा, कारण त्या गोळीने बीएनपी वाढतं.

आता मेंदू. हो, अशा टेस्ट आहेत, पण त्यांच्याकडून ट्रोपोनिनसारखी अपेक्षा ठेवली तर फसायला होईल. मेंदूत मुख्यतः दोन तऱ्हेच्या पेशी, न्यूरॉन आणि त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया. जीएफएपी हे ग्लियातल्या ॲस्ट्रोसाइटचं प्रोटीन, यूसीएच-एल१ हे न्यूरॉनचं. डोक्याला मार लागल्यावर यूसीएच-एल१ लवकर चढतं, साधारण आठ तासांच्या सुमारास टोकाला जाऊन उतरायला लागतं, आणि जीएफएपी सावकाश चढून वीस तासांच्या आसपास टोक गाठतं आणि काही दिवस राहतं, म्हणून दोन्ही एकत्र मोजतात. अमेरिकेत औषधं आणि टेस्टना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०१८ मध्ये या जोडीच्या टेस्टला पहिल्यांदा परवानगी दिली. ज्या अभ्यासावर ती दिली, ॲलर्ट-टीबीआय, त्यात १९५९ पेशंट होते, मार लागून बारा तासांच्या आतले, आणि सीटीवर ज्यांना काही सापडलं त्यातल्या ९७.६ टक्क्यांमध्ये टेस्ट पॉझिटिव्ह होती, आणि टेस्ट निगेटिव्ह असेल तर सीटी स्वच्छ असायची खात्री ९९.६ टक्के. पुढे २०२१ मध्ये हातात धरायच्या मशिनवर प्लाझ्माची (रक्तपेशी वेगळ्या काढून उरलेल्या द्रवाची) आणि एप्रिल २०२४ मध्ये सरळ नसेतून काढलेल्या रक्तावर पंधरा मिनिटांत होणारी टेस्ट आली, ही मार लागल्यापासून २४ तासांपर्यंत चालते.

आकडे भारी वाटतात ना, पण दुसरी बाजू बघा. ज्यांचा सीटी पूर्ण स्वच्छ होता अशातल्याही बहुसंख्य लोकांची टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह याचा अर्थ "आता सीटी करा" एवढाच होतो, मेंदूत रक्तस्राव झालाय असा नाही. ट्रोपोनिन वापरून आपण अटॅक नाही पण म्हणू शकतो आणि आहे पण म्हणू शकतो, मेंदूची टेस्ट फक्त एकाच बाजूने कामाची, नाही म्हणायला. शिवाय ती फक्त मोठ्या माणसांसाठी, आणि सौम्य मार असलेल्यांसाठी, म्हणजे जे शुद्धीवर आहेत, ज्यांचा ग्लासगो स्कोअर (शुद्ध किती आहे ते मोजणारा, पूर्ण शुद्धीला १५) १३ ते १५ आहे. जो अर्धवट शुद्धीत आहे त्याला सीटीला न्यायचं सोडून रक्त पाठवत बसणं म्हणजे वेळ घालवणं. म्हातारपणी जीएफएपी तसंही वर असतं, त्यामुळे सत्तरीच्या माणसात पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण आणखी वाढतं.

त्याआधीपासून युरोपात एस१००बी हे ग्लियातलंच दुसरं प्रोटीन वापरात आहे, स्कँडिनेव्हियन देशांच्या २०१३ च्या मार्गदर्शनात ते आलं, मार लागून सहा तासांच्या आत घेतलेलं ०.१० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर ठरावीक सौम्य केसमध्ये सीटी टाळता येतो. पण एस१००बी चरबीत पण असतं आणि त्वचेच्या रंगपेशींत पण, त्यामुळे पाय मोडला तरी वाढतं. आपल्याकडे गाडीवरून पडलेला माणूस नुसतं डोकं आपटून थोडाच येतो, खांदा, बरगडी, मांडी काहीतरी सोबत असतंच, मग तो आकडा काय कामाचा.

ट्रोपोनिन १९९० च्या दशकात सगळीकडे पोचलं आणि मेंदूची टेस्ट यायला २०१८ का उजाडलं? हार्टमधून प्रोटीन सरळ रक्तात येतं, मेंदू आणि रक्ताच्या मध्ये मात्र पहारा आहे, ब्लड-ब्रेन बॅरिअर, त्यातून थोडंच बाहेर पडतं आणि कधी पडेल ते इजा कुठे आहे आणि पहारा किती तुटलाय यावर ठरतं. इतक्या बारीक प्रमाणात मोजायची मशिनं पण नंतर आली. आणि तिसरं, हार्टचं काम सगळीकडे साधारण सारखं, मेंदूत मात्र ब्रेनस्टेममधली वाटाण्याएवढी इजा जीव घेऊ शकते आणि पुढच्या भागातली त्याहून मोठी इजा कधी कधी लक्षातही येत नाही, रक्तातला आकडा दोन्हीला छोटाच दाखवेल.

आईंचं म्हणाल तर दोनदा उलटी झाली होती ना, मग सीटी हवाच होता. कॅनेडियन सीटी हेड रूल म्हणून जो नियम कॅज्युअल्टीत वापरतात त्यात दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा जास्त, दोन तासांनीही पूर्ण भानावर नसणं, कवटी फुटल्याची चिन्हं, जसं कानानाकातून पाणी किंवा डोळ्यांभोवती काळं-निळं, यातलं एक जरी असलं तरी सीटी. डोक्याच्या एका सीटीचं रेडिएशन साधारण २ मिलिसीव्हर्ट असतं, आपल्याला निसर्गातून वर्षभरात मिळतं त्याच्या आसपासच. तेवढं टाळण्यासाठी रक्तस्राव नजरेतून सुटायचा धोका घेण्यात अर्थ नाही.

स्ट्रोकमध्ये अजून एक आशा आहे, मेंदूत रक्तस्राव झाला तर पहिल्या काही तासांत जीएफएपी खूप वर जातं आणि गुठळीच्या स्ट्रोकमध्ये तेवढं जात नाही, त्यामुळे ॲम्ब्युलन्समध्येच फरक कळेल का यावर जर्मनीत काम झालंय. पण आज तुमच्या घरी कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर रक्ताच्या कुठल्याही टेस्टचा विचार करू नका, सीटी असलेल्या हॉस्पिटलला पळा, गुठळी विरघळवायचं औषध बहुतेकांना साडेचार तासांच्या आतच देता येतं.

एक टेस्ट अशी आहे जिथे हार्ट आणि मेंदू एकाच पेशंटमध्ये भेटतात, आणि तिच्याबद्दल नातेवाइकांना कुणी फार सांगत नाही. हार्ट बंद पडलं, सीपीआर देऊन परत सुरू झालं, पण माणूस शुद्धीवर येत नाही, व्हेंटिलेटरवर आहे, घरचे आयसीयूच्या बाहेर बसून विचारतात मेंदू किती वाचलाय. अशा वेळी एनएसई, न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज, मोजतात. युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शनात ४८ किंवा ७२ तासांनी ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वर एनएसई हे वाईट लक्षण धरलंय, पण एकटं कधीच नाही, सोबत डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख), नसांच्या टेस्ट, स्कॅन यातलं आणखी काहीतरी पाहिजे, आणि निदान ७२ तास तरी थांबायचंच. हे एवढं जोर देऊन सांगतोय कारण एनएसई लाल पेशींमध्येही असतं. रक्त ओढताना जोर लागला, ट्यूब हलली, सॅम्पल फुटलं म्हणजे हिमोलाइज झालं की आकडा खोटा वर जातो. सॅम्पल गुलाबी-लाल दिसलं तर आम्ही तो रिपोर्ट सोडत नाही, परत रक्त मागवतो, मग आयसीयूतून कितीही फोन येवोत, कारण त्या आकड्यावर कुणीतरी उपचार थांबवायचं ठरवू शकतं. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आलीच तर सॅम्पल हिमोलाइज नव्हतं ना आणि दोनदा केलंय ना एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे नाव पण हल्ली ऐकू येईल, एनएफएल म्हणतात, नसांच्या तंतूंचं प्रोटीन, ते सावकाश दिवस-आठवड्यांनी वाढतं त्यामुळे कॅज्युअल्टीत उपयोग नाही, पण मल्टिपल स्क्लेरोसिस आणि एएलएससारख्या मेंदू-नसांच्या आजारांत आजार किती जोरात आहे हे बघायला उपयोगी. एएलएसच्या एका अनुवांशिक प्रकारावरच्या टोफर्सेन या औषधाला एफडीएने २०२३ मध्ये मान्यता दिली तीच मुळात रक्तातलं एनएफएल उतरलं या आधारावर.

केसांच्या गोळ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगायलाच हवं. केस-नखांसाठी बायोटिन घेणारे खूप झालेत, ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी. अनेक मशिनवर टेस्टची रचनाच बायोटिनवर उभी असते, आणि रक्तात जास्त बायोटिन असेल तर ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. एफडीएने २०१७ मध्ये यावर सावधगिरीची सूचना काढली होती, त्यात अशा खोट्या कमी ट्रोपोनिनमुळे झालेल्या मृत्यूचाही उल्लेख होता. नंतर बऱ्याच कंपन्यांनी किट सुधारली, तरी कॅज्युअल्टीत औषधं सांगताना बीपी-शुगरच्या गोळ्यांसोबत ही पण सांगा. बहुतेक लोक "ते काय औषध थोडंच आहे" म्हणून सांगतच नाहीत.

आणि काही त्रास नसताना हेल्थ चेकअपमध्ये ट्रोपोनिन करून घ्यायचं का असं कुणी विचारलं तर माझं उत्तर नाही. पण छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, पित्त वाटतंय पण रोजच्यासारखं नाही असं काही झालं तर बाहेरच्या लॅबमध्ये रक्त देऊन संध्याकाळच्या रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका, जिथे कार्डिओग्राम आणि दुसरं सॅम्पल दोन्ही होईल तिथेच जा. सॉर्बिट्रेट, म्हणजे हार्टच्या रक्तवाहिन्या मोकळ्या करायची गोळी, जिभेखाली ठेवून बरं वाटलं म्हणजे हार्टचं होतं, नाही वाटलं म्हणजे नव्हतं, असंही काही ठरत नाही. वडिलांची दोन्ही ट्रोपोनिनची कागदं, त्यावरच्या वेळा आणि किटचं नाव दिसेल असे फोटो काढून ठेवा. पुढच्या खेपेला परत छातीत दुखलं तर त्यांचा आधीचा आकडा किती होता हे समोरच्या डॉक्टरला कळणं फार उपयोगी पडतं, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत, जेव्हा जुन्या अटॅकचं ट्रोपोनिन अजून उतरत असतं.

आईंना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन असलं रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर पहिला सीटी नॉर्मल असला तरी पुढचे महिना-दीड महिना लक्ष ठेवा. डोकं हळूहळू वाढत दुखणं, चालताना एका बाजूला झोक जाणं, बोलताना शब्द न सापडणं, दिवसभर झोपाळल्यासारखं होणं यातलं काही दिसलं तर परत सीटी करा, कारण मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त थेंब थेंब साठत आठवड्यांनी दाब देऊ शकतं. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ चे आकडे पहिल्या बारा-चोवीस तासांसाठीच ठरवलेले आहेत, इतक्या उशिरा ते नॉर्मल आले तरी त्यावर विसंबून सीटी टाळू नका.